ठिपका किती लांब आहे?

एक चित्रफीत मनासमोर आणा. खाली पृथ्वीची निळसर कड, वर काळं अवकाश. डावीकडून एक पांढरा ठिपका येतो, संथपणे सरकतो, मध्येच थबकल्यासारखा होतो आणि वळून वर निघून जातो. आवाज नाही. वीस-पंचवीस सेकंदांत सारं संपतं.

आता त्याला नाव देऊ नका. नाव मनात आलंच असेल तर येऊ द्या, बाजूला बसू द्या. परग्रहावरचं यान, एखादा उपग्रह, संगणकावर केलेला बनाव, काचेवरची धूळ. यातलं काहीही आत्ता खोडायचं नाही आणि मान्यही करायचं नाही. एवढंच विचारा, की मला नक्की काय दिसलं? उजेडाचा एक ठिपका. तो सरकला. त्याची दिशा बदलली. यापलीकडचं सगळं तुम्ही घातलेलं आहे. "केवढ्या वेगात गेला!" हेसुद्धा.

वेगाचं म्हणणं सहज सुटून जातं, म्हणून त्याच्यापाशी जरा रेंगाळू या. ठिपका पडद्यावर चार बोटं सरकला. तो कॅमेऱ्यापासून चार हात अंतरावर असेल, तर मुंगीच्या चालीने चाललाय. तोच चारशे किलोमीटरवर असेल, तर त्याच्या वेगापुढे आपली रॉकेटं फिकी पडतील. चित्र एकच, सेकंद तेवढेच. अंतर माहीत नसेल तर वेग माहीत नाही, आकार माहीत नाही आणि तो वळला की वाऱ्यावरच्या पिसासारखा ढकलला गेला, हेही माहीत नाही.

उजव्या हाताचा अंगठा नाकासमोर धरा. डावा डोळा मिटून पाहा, मग तो उघडून उजवा मिटा. मागच्या भिंतीच्या संदर्भात अंगठा उडी मारतो. हात लांब केला की उडी लहान होते. दोन डोळ्यांमधल्या या छोट्याशा मतभेदातून मेंदू अंतर काढतो, आणि तेही आपल्याला कळू न देता. चार-दोनदा करा हे, घाई नाही. कॅमेरा मात्र एकडोळ्या असतो. जमिनीवर त्याला झाडं, खांब, माणसं, धुकं यांचा आधार मिळतो. अवकाशात माहितीतल्या मापाचं काहीच नसतं, लांबची वस्तू पुसट करणारी हवाही नसते. तिथे हिमकण आणि अंतराळस्थानक सारख्याच धारदारपणे चमकू शकतात.

हे अगदी सुरुवातीला अनुभवणारा एक साक्षीदार कच्चा नव्हता. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन 'फ्रेंडशिप ७'मधून पृथ्वीच्या फेऱ्या मारत होता. सूर्योदयाच्या सुमारास यानाभोवती हजारो चमकते कण तरंगताना त्याने पाहिले. काजव्यांसारखे, असं त्याने खाली कळवलं. तो कसलेला वैमानिक होता, शुद्धीत होता, खोटं बोलत नव्हता. जमिनीवरची मंडळी बुचकळ्यात पडली. तीन महिन्यांनी स्कॉट कार्पेंटर त्याच तऱ्हेच्या यानातून गेला. त्याचा हात यानाच्या आतल्या बाजूला आपटला आणि बाहेर काजव्यांचा थवा उठला. मग त्याने मुद्दाम ठोकून पाहिलं, पुन्हा थवा. यानातून बाहेर पडलेल्या बाष्पाचा बर्फ पत्र्यावर धरला होता, तो झडत होता.

या गोष्टीत मला सगळ्यात आवडते ती कार्पेंटरची दुसरी ठोक. पहिली अपघाताने लागली. दुसरी त्याने विचारली.

जुन्या घरात छपराला एखादं काचेचं कौल असायचं. दुपारी त्यातून उन्हाची तिरीप आत उतरली की हवेतले कण अचानक दिसू लागायचे. ते आधीही होते, तिरिपीबाहेरही होते. उन्हात आले तेवढे दिसले, सावलीत गेले की नाहीसे झाले. हे चित्र मनात ठेवून १९९१च्या एका वादाकडे येऊ.

त्या वर्षी १५ सप्टेंबरला 'डिस्कव्हरी' शटलच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात एक ठिपका क्षितिजाजवळ उगवतो, सरकत असतो, तेवढ्यात लख्ख उजेड होतो आणि ठिपका झटकन दिशा बदलतो. मागून एक रेघ सर्रकन निघून जाते. पाहताना खरोखर अंगावर काटा येतो. कुणीतरी खालून नेम धरला आणि याने चुकवला, अशीच कथा मनात तयार होते. एका अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने गणितं मांडून सांगितलं, की हा बर्फ असू शकत नाही. ठिपका क्षितिजाआडून वर आलेला आहे, म्हणजे तो फार दूर आहे. नासाच्या उड्डाण-नियंत्रणात अनेक वर्षं काम केलेल्या जेम्स ओबर्गने उलट बाजू मांडली. त्याचं म्हणणं, ठिपका क्षितिजाआडून आलेला नाही, शटलच्या सावलीतून उन्हात आलेला आहे. तो जवळच तरंगत होता, ऊन लागल्यावर दिसला. लखलखाट म्हणजे शटलचं तोल सावरणारं छोटं इंजिन. त्याच्या झोताने कण ढकलला गेला. इंजिन पेटल्याची नोंद असते, आणि ती वेळ जुळते.

दोन्ही बाजूंचे लोक शिकलेले होते, दोघांकडे गणित होतं. दोघांचं गणित एका न दिसणाऱ्या आकड्यावर उभं होतं: ठिपका किती लांब आहे? एकाने तो दूर धरला, दुसऱ्याने जवळ. पुढचं सगळं त्यातून निघालं. मला ओबर्गचं पटतं, कारण त्याने अंतर गृहीत धरून तिथेच न थांबता इंजिनाच्या नोंदीची वेळ तपासली. वादाच्या बाहेरचा एक साक्षीदार आणला. पण पटतं म्हणून दुसऱ्या बाजूला हसायचं कारण नाही. तो उन्हा-सावलीचा खेळ तुमच्या-माझ्या लक्षात आला असता का, हे प्रत्येकाने स्वतःशी बघावं.

असाच धडा जमिनीजवळच्या एका चित्रफितीतूनही मिळाला. २०१५मध्ये अमेरिकी नौदलाच्या विमानाने टिपलेली एक वस्तू समुद्रावरून सुसाट जाताना दिसते. नासाने नेमलेल्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३च्या अहवालात पडद्यावरच लिहून आलेले कोन आणि अंतर घेऊन साधी त्रिकोणमिती केली. वस्तू पाण्यालगत नव्हतीच, सुमारे चार किलोमीटर उंचीवर होती. तिचा वेग निघाला ताशी साधारण ६५ किलोमीटर, म्हणजे त्या उंचीवरच्या वाऱ्याएवढा. पडद्यावरची सुसाट गती विमानाची स्वतःची होती. ती वस्तू काय होती हे त्यातून कळत नाही. काय नव्हती, हे बरंच कळतं.

आता अवकाशातल्या एका दोरीकडे. तिच्याजवळ निवांत बसण्यासारखं आहे.

फेब्रुवारी १९९६. 'कोलंबिया' शटलमधून इटलीचा एक उपग्रह लांबलचक दोरीला बांधून बाहेर सोडला जात होता. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहक दोरी ओढली तर वीज तयार होते, हे पाहायचं होतं. २५ तारखेला, १९.७ किलोमीटर दोरी बाहेर गेलेली असताना ती तुटली. आवरणातल्या दोषापाशी ठिणगी पडून ती जळाली होती. उपग्रह दोरीसकट दूर निघून गेला. काही दिवसांनी शटलमधून ती दोरी लांबवर पुन्हा दिसली आणि चित्रित झाली. चित्रात ती झळाळत्या नळीसारखी जाड दिसते आणि तिच्याभोवती डझनावारी गोल चकत्या पोहतात. मध्ये भोक, कडेला खाच. यानातले लोक खाली सांगत होते, की सोबत थोडा कचरा तरंगतोय.

पण चित्र पाहणाऱ्याची नजर एका गोष्टीवर अडकते. काही चकत्या दोरीच्या मागून जाताना दिसतात. मागून जातात म्हणजे दोरीपेक्षा लांब. दोरी शंभराहून अधिक किलोमीटरवर, म्हणजे त्या चकत्या कित्येक किलोमीटर रुंदीच्या! तर्क चोख वाटतो. एक-एक पायरी हळूहळू उतरून पाहा, कुठे पाय घसरतो ते शोधा. मी उत्तर लगेच सांगत नाही.

सापडलं? त्या दोरीची जाडी अडीच मिलिमीटर होती. एवढी वस्तू एवढ्या अंतरावरून जाड दिसूच शकत नाही. पडद्यावर दिसते ती जाडी दोरीची नव्हे. उजेडाने भरून वाहिलेल्या कॅमेऱ्याची आहे. मग त्याच चित्रातल्या चकत्यांची रुंदी खरी कशी मानायची? जवळच्या, भिंगाच्या नेमाबाहेरच्या बारीक कणाचा उजेड पसरून चकती होते आणि तिच्यातलं भोक नि खाच भिंगाच्या रचनेतून येतात. आणि 'मागून जाणं'? दोरीचा पट्टा आधीच पुरता पांढरा झालेला आहे. त्याच्यापुढून फिकट चकती गेली तरी पांढऱ्यात पांढरं मिसळून काही दिसत नाही. पुढून गेलेली वस्तू मागून गेल्यासारखी वाटते.

आपल्याकडे वेदान्तात दोरी आणि सापाचा दृष्टान्त आहे. अंधारात दोरी पडलेली असते, साप वाटतो, दिवा आणला की साप जातो. इथे गंमत अशी, की दोरी सगळ्यांनी दोरी म्हणूनच ओळखली आणि साप तिच्या आजूबाजूला दिसले. शिवाय दिवा आणायची सोय नाही. काही आठवड्यांत ती दोरी उपग्रहासह वातावरणात जळून गेली. उरली ती चित्रफीत. अवकाशातल्या बहुतेक विचित्र ठिपक्यांचं असंच असतं. परत जाऊन पाहता येत नाही, म्हणून मन भराभर मोकळ्या जागा भरतं.

कधी ठिपका बाहेर नसतोच. वैश्विक किरणातला एखादा कण कॅमेऱ्याच्या संवेदकावर आदळतो आणि चित्रात पांढरी टिंबं, रेघा उमटतात. सूर्यावर डोळा रोखून बसलेल्या 'सोहो' यानाच्या चित्रांत तेजस्वी ग्रहांच्या दोन्ही बाजूंना आडव्या पांढऱ्या रेघा फुटतात. त्यांना अवाढव्य यानं म्हणणारे पुष्कळ निघाले. आपल्या 'आदित्य-एल१'वरचं एक उपकरण बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेत घडलं आणि एक पुण्याच्या आयुकात. सूर्याची चित्रं वापरण्याआधी हे उपरे ठिपके ओळखून वेगळे काढणं हा अशा कामातला रोजचा भाग आहे. त्याची बातमी होत नाही.

मी राहतो त्या बंगळुरूत ठिपक्यांचा प्रश्न काही लोकांच्या पोटापाण्याचा आहे. पीण्या म्हटलं की इथल्या माणसाला कारखाने, लेथ आणि ट्रक आठवतात. त्याच पीण्यात इस्रोचं यानांचा माग ठेवणारं केंद्र आहे, आणि २०२२च्या जुलैपासून अवकाशातल्या वर्दळीवर लक्ष ठेवणारं वेगळं नियंत्रण केंद्रही. कुठला तुकडा आपल्या कुठल्या उपग्रहाच्या किती जवळून जाणार, याचा हिशोब तिथे होतो. २०२३मध्ये टक्कर टाळण्यासाठी इस्रोने २३ वेळा उपग्रह बाजूला सरकवले. तिथे ठिपक्याला पहिला प्रश्न 'तू कोण' असा नसतो. कुठे आहेस, कधी होतास, आणखी नव्वद मिनिटांनी कुठे असशील? कक्षा कळली की ओळख बहुतेक वेळा आपसूक हाती येते.

२ एप्रिल २०२२ची संध्याकाळ तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. गुढीपाडवा होता. पावणेआठच्या सुमाराला विदर्भापासून खानदेशापर्यंत, गुजरात आणि मध्य प्रदेशातही, आकाशात जळते तुकडे रांगेने जाताना दिसले. लोकांनी अंगणातून, गच्चीवरून मोबाइलवर चित्रण केलं. उल्का म्हणावी तर ती सेकंदा-दोन सेकंदांत संपते. हे तुकडे समांतर, सावकाश चालले होते. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटरने येते. कक्षेतून ढासळणारी वस्तू आठेक किलोमीटरने, तीही तिरपी, लांबलचक वाट करत. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपासच्या शिवारात गोळे सापडले. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून एक इलेक्ट्रॉन रॉकेट उडालं होतं, तेव्हा पहिला संशय त्याच्यावर गेला. मग कक्षांच्या नोंदी पाहणाऱ्या जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने बोट दाखवलं ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याकडे. तो फेब्रुवारी २०२१मध्ये उडाला होता आणि वर्षभर फिरत फिरत खाली येत होता. दिवस जुळला म्हणून पकडलेला संशयित सुटला, वाट जुळली तो सापडला.

वर्षभराने उलटं घडलं. जुलै २०२३मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर माणसापेक्षा उंच पिंप लागलं. तिथल्या लोकांनी हरवलेल्या विमानापासून सगळे तर्क केले. १४ जुलैला चांद्रयान-३ निघालं होतं, तेव्हा त्याचाच तुकडा, असंही बोललं गेलं. पण पिंपावर शिंपल्यासारखे समुद्री जीव दाट धरलेले होते, आणि ते दोन दिवसांत वाढत नाहीत. महिनाअखेरीस उलगडा झाला: इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा, बराच जुना, तिसरा टप्पा. त्यांची विचित्र वस्तू आमच्या शहरातल्या कचेऱ्यांच्या ओळखीची निघाली.

आत्तापर्यंत वाचून कुणाला वाटेल, की प्रत्येक ठिपका अखेर कचराच ठरतो आणि त्याच्यामागे लागणं वेडेपणाचं आहे. म्हणून चांद्रयान-२च्या विक्रम या अवतरकाची आठवण काढतो. ७ सप्टेंबर २०१९च्या पहाटे चंद्रापासून अवघ्या दोन किलोमीटरवर असताना त्याचा संपर्क तुटला. त्या रात्री बंगळुरूत कुणी झोपलं नसावं. नंतर चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने टिपलेली त्या भागाची चित्रं खुली झाली. चेन्नईचा अभियंता षण्मुग सुब्रमण्यन जुनं चित्र एका बाजूला आणि नवं दुसऱ्या बाजूला ठेवून पाहत बसला. जुन्यात नसलेला एक उजळ कण नव्यात होता. त्याने तो कळवला, नासाने तपासला, आणखी चित्रं घेतली आणि डिसेंबरमध्ये मान्य केला. तो विक्रमचा तुकडा होता. त्या ठिपक्याचं अंतर माहीत होतं, जागा माहीत होती, आधीचं चित्र हाताशी होतं. म्हणून तो बोलला.

आणि एक गोष्ट खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची. तीत ठिपका नाही, पण प्रश्न तोच आहे. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडला गेला. इस्रोच्या या प्रयोगात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक पोलादी नळ्यांत गोळा केली. नारळीकर प्रमुख संशोधक होते. नमुने हैदराबाद आणि पुण्यातल्या दोन प्रयोगशाळांत वेगवेगळे तपासले गेले. जिवाणूंच्या बारा वसाहती मिळाल्या, त्यांतल्या तीन जाती विज्ञानाला नव्या होत्या. एकीला नाव मिळालं फ्रेड हॉयल यांचं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. हॉयल हे नारळीकरांचे गुरू, आणि जीवसृष्टीचं बीज अवकाशातून आलं ही कल्पना हिरिरीने मांडणारे. म्हणजे मनाला हवं असलेलं उत्तर समोर येऊन उभं होतं. तरी मार्च २००९मध्ये इस्रोने जे जाहीर केलं त्याचा आशय असा होता: हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत, असं या अभ्यासातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, मात्र शोध पुढे न्यायला हुरूप येतो.

त्या निवेदनासमोर थोडा वेळ बसा. हॉयल यांचं नाव जिवाणूला दिलं, त्यांचा सिद्धान्त मात्र सिद्ध झाला असं म्हटलं नाही. मी नारळीकरांचं बरंच वाचलं आहे, त्यांच्या विज्ञानकथाही आवडीने वाचल्या. पण त्यांच्याबद्दलचा माझा आदर या एका कोरड्या निवेदनाने जास्त वाढवला.

आता पहिल्या ठिपक्यापाशी बाजूला बसवलेली नावं पुन्हा बोलवा. प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारा. बर्फ असेल तर ऊन कुठून येतंय, इंजिन पेटलं होतं का? उपग्रह असेल तर त्या वेळी तिथून कोण जात होतं? काचेतलं प्रतिबिंब असेल तर कॅमेरा हलल्यावर तेही हललं का? बनाव असेल तर मूळ फीत कुठे आहे? आणि परग्रहावरचं यान असेल, तर ते किती लांब होतं, हे कशावरून ठरलं? बहुतेक नावं एका प्रश्नात उठून जातात. कधी सगळीच जातात. तेव्हा जागा रिकामी राहू द्या. परग्रहवासीयाला तिथे बसवायचं असेल तर त्याच्यासाठीही वेगळा पुरावा लागतो. बाकीचे उठले म्हणून त्याला खुर्ची मिळत नाही. असे प्रश्न विचारणं लोकांना रुचतंच असं नाही. बंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू असताना एच. नरसिंहय्यांनी १९७६मध्ये चमत्कार तपासायला समिती नेमली होती. तिच्यावर टीकेची झोड उठली. 'प्रश्नच का विचारता' हा तेव्हाचा राग होता, आणि आजही मोबाइलवर अशा चित्रफितीखाली प्रश्न विचारणाऱ्याच्या वाट्याला तोच येतो, दोन्ही बाजूंकडून.

तेव्हा आकाशात काही वेगळं दिसलं तर आधी घड्याळ पाहा. वेळ, दिशा, किती सेकंद दिसलं, हे लिहून ठेवा. चित्रण करताना घराचं छत किंवा झाडाचा शेंडा चौकटीत घ्या आणि मूळ फीत जपून ठेवा, कापून पाठवलेली कामाची नसते. आणि शिवारात अनोळखी धातू पडलेला दिसला तर हात लावू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलीस पाटलांना किंवा तहसील कचेरीत कळवा.